आवाज कुठं फाटते?

यंदाचा सगळा एप्रिल मी दुपारी दोन ते चार कूलर बंद करून, दारं-खिडक्या लावून, चारही भिंतींवर गोधड्या टांगलेल्या खोलीत काढला. अमरावतीत एप्रिलच्या दुपारी कूलर बंद करून बसणारा माणूस एक तर तापाने फणफणलेला असतो, नाहीतर घरच्यांशी भांडलेला. माझं दोन्हीही नव्हतं. मी माझा आवाज रेकॉर्ड करत होते. आमच्या गल्लीत सकाळी भाजीवाले, संध्याकाळी क्रिकेट. शांतता अशी ती भर दुपारीच, उन्हाने सगळे आपापल्या घरात कोंडलेले असतात तेव्हा. घाम कोपरावरून कागदावर टपकायचा. नवरा दाराबाहेरून विचारायचा, "वाचन चाललंय की तपश्चर्या?" दोन तास घाम गाळून जे हाती येत होतं ते फाटलेलं होतं.

आवाज फाटणं म्हणजे काय, ते लग्नातला लाऊडस्पीकर ऐकलेल्या माणसाला सांगायला नको. शब्द कानावर येतो, पण त्याच्यासोबत खर्रर्र असं काहीतरी येतं, पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं. माझ्या वाचनात ते अधूनमधून यायचं, आणि एका ठिकाणी हमखास यायचं. गोष्टीतली एक म्हातारी निघालेल्या एसटीमागे धावत ओरडते, "अरे थांबव ना बाप्पा गाडी! माहं गाठोडं खालीच राह्यलं!" हे वाक्य मी चाळीस वेळा तरी वाचलं असेल. चाळीसही वेळा फाटलं.

गोष्ट अशी होती की पुण्याला ऐकायची पुस्तकं काढणारी एक संस्था आहे आणि तिला वऱ्हाडी गोष्टींचं एक पुस्तक आवाजात आणायचं होतं. निवेदन प्रमाण मराठीत, माणसं बोलतात ती वऱ्हाडीत. तिथल्या संपादक बाईंनी मला फोन केला. कोणीतरी माझं नाव सुचवलं होतं, आणि ते सुचवलं जाणारच होतं. मी अमरावतीत तीस वर्षं मराठी शिकवते आहे. कोणाचा सत्कार असो, पुस्तकाचं प्रकाशन असो की शोकसभा, माईकपुढे मी असते. माझ्या ळ आणि ण यांची लोक तारीफ करतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे कार्यक्रम संपला की विचारतात, "तुम्ही मूळच्या इकडच्या नाही ना?" आणि खरं सांगते, दर वेळी मला बरं वाटतं. आता हे पुस्तक मिळालं की निवृत्तीआधी माझ्या नावावर सूत्रसंचालनाच्या पलीकडचं काहीतरी जमा होणार होतं. मला ते हवं होतं. फार हवं होतं.

बाई म्हणाल्या, "पहिली गोष्ट वाचून पाठवा, नमुना म्हणून. महिनाअखेरपर्यंत चालेल." मी हो म्हटलं. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "अकोल्याच्या एक ताई आहेत, मोबाईलवर वऱ्हाडी गोष्टी सांगतात. ऐकल्यात का तुम्ही? आमच्याकडे त्यांचंही नाव निघालं होतं."

"ऐकल्यात," मी म्हटलं. "गोड सांगतात. पण समोर छापील पान ठेवून वाचायची सवय नसावी त्यांना."

"हो, तेही खरंच," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

ती अकोल्याची ताई म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. हे मी बाईंना सांगितलं नाही. 'नसावी' हा शब्द मी किती सहज वापरला, याचं मला नंतर माझंच कौतुक वाटलं. जणू मी तिला दुरून, दोन-चार लोकांकडून ऐकून ओळखत होते.

आम्ही दर्यापूरच्या. वडील शाळेत मास्तर. घरात त्यांचा एकच नियम होता आणि तो फक्त मला लागू होता. मी 'मले' म्हटलं की ते हातातलं वर्तमानपत्र खाली करत आणि म्हणत, "मला." मी 'मला' म्हणेपर्यंत ते वर्तमानपत्र वर जात नसे. आठवीपर्यंत माझं सगळं 'मले' गेलं, 'काहून' गेलं, 'करून राहिली' गेलं. वक्तृत्वाच्या ढाली घरात येऊ लागल्या. बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिचा नंबर येईपर्यंत वडील बहुधा थकले असावेत. तिच्या 'मले'साठी वर्तमानपत्र कधी खाली आलं नाही.

आईचं बोलणं मात्र अस्सल वऱ्हाडी. ती दारात उभी राहून हाक मारायची ती गल्लीच्या टोकाला खेळणाऱ्या पोराला ऐकू जायची. एकदा मी जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आले. घरी आल्यावर वडिलांनी आईसमोर सगळं भाषण पुन्हा म्हणायला लावलं. आईने ते पदर सावरून, नीट बसून ऐकलं आणि म्हणाली, "लय चांगलं बोलते माही लेक. मले काई समजलं नाई, पन लय चांगलं बोलते." मग धाकटीने शेजारच्या काकूंची नक्कल केली, आणि आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या हातात ढाल होती. ती कुठे ठेवायची ते मला कळेना.

पुढे बहिणीचं लग्न अकोल्याला एका वकिलाशी झालं. तिने नोकरी केली नाही. घर, दोन पोरी, आणि कॉलनीतलं महिलांचं भजनी मंडळ. तीनेक वर्षांपूर्वी तिने स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून मोबाईलवर एक गोष्ट सांगितली. मागे कुकरची शिट्टी झाली तर मधेच "थांबा हो बाप्पा, गॅस बंद करतो" म्हणाली आणि तेही तसंच ठेवलं. लोक वेडे झाले. सुरतहून, सिंगापूरहून कोणीकोणी लिहितात, "ताई, आमच्या मायची आठवण आली." मी तिच्या प्रत्येक गोष्टीखालचं प्रत्येक वाक्य वाचते. बोटाने खाली खाली सरकवत, चहा गार होईपर्यंत. मला कोणी कधी असं लिहिलेलं नाही. मला लोक म्हणतात, 'ओघवतं सूत्रसंचालन.'

तर माझा आवाज फाटत होता. महिना संपत आला होता, आणि नमुना नाही गेला तर बाई अकोल्याला फोन लावणार, हे मला दिसत होतं.

मी काय काय केलं नाही? आधी तार बदलली. मग माईकपुढची जाळी बदलली. माईक एक वीत लांब नेला, मग दोन वीत. तोंड सरळ न ठेवता थोडं तिरकं ठेवून वाचलं, तर मान आखडली. इन्व्हर्टर बंद करून पाहिला, फ्रिज बंद करून पाहिला, त्यात दूध नासलं. लॅपटॉपची चार्जिंगची वायर काढून पाहिली. अर्थिंग पाहायला इलेक्ट्रिशियन आला, त्याने बाहेरच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी आणि मीठ टाकलं आणि गेला. शेवटी मी आमच्या कार्यक्रमांना साऊंड लावणाऱ्या भाऊंना बोलावलं. त्यांनी दोन हजार लोकांचे मांडव सांभाळले आहेत. ते गोधड्यांच्या खोलीत आले, आजूबाजूला पाहिलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "म्याडम, माईक गेला."

"नवीन आहे," मी म्हटलं.

"मंग नवाच गेला," ते म्हणाले आणि पाणी पिऊन निघाले. मी वाचून दाखवेपर्यंतही थांबले नाहीत. त्या उकाड्यात मीही थांबले नसते.

माईक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक लहानसा डबा असतो. त्याच्यावर आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण आणि बटणाभोवती दिव्याचं कडं. मला त्यातलं एवढंच येत होतं की वाचायच्या आधी "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि त्या दिव्याला रंग चढेपर्यंत बटण फिरवायचं. एवढं मी रोज मनोभावे करत होते.

बहिणीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने तिच्याशी बोलताना सांगून टाकलं की तुझी ताई महिनाभर कोंडून घेऊन वाचते आहे आणि आवाज फाटतो आहे. झालं. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून ही बाई कशालाही निघते. रविवारी सकाळी अकराला मूर्तिजापूरवरून येणाऱ्या गाडीने ती दारात हजर. एका हातात मुगवड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कुरड्यांचा डबा, आणि गेटातूनच आवाज.

"ताई! काहून वं, सांगतलं नाई मले? कोनतं एवढं मोठं काम करून राहिली?"

"एक वाचन पाठवायचं आहे पुण्याला," मी म्हटलं. "विशेष काही नाही."

"इशेष नाई तं आंग काहून असं वाळलं तुहं? चाल, दाखव मले मशीन."

मला ती त्या खोलीत नको होती. ती तिथे शिरली की काय होईल याची मला आधीपासून धास्ती होती, आणि ते झालंच. तिने गोधड्या पाहिल्या, त्यातली आईच्या लुगड्याची गोधडी कुठली ते बरोबर ओळखलं, तिच्यावरून हात फिरवला, मग स्टुलावर बसून मला म्हणाली, "वाच." मी "एक, दोन, तीन" म्हटलं, दिव्याला रंग चढवला आणि वाचायला लागले. चार ओळी झाल्या नाहीत तर तिने मला थांबवलं.

"हे लाल काहून होऊन राह्यलं?"

"लाईन आहे त्याला," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. स्टुलावरून उठून ती भिंतीला टेकली. "अवं माय वं! ताई, हे लाईनीचं नाई! हे फाटल्याचं हाय!"

आता माझी चूक सांगते. आमच्या घरात लाल दिवा म्हणजे लाईन, म्हणजे वीज, आहे. स्विचबोर्डावरचा लाल दिवा, गिझरचा लाल दिवा, पाण्याच्या मोटरीच्या पेटीवरचा लाल दिवा. उन्हाळ्यात लोडशेडिंग संपण्याची वाट पाहत आम्ही त्या दिव्याकडे डोळे लावून बसतो आणि तो पेटला की सगळं घर "आली, आली" म्हणून ओरडतं. माझं सगळं आयुष्य लाल दिव्यावर विश्वास ठेवण्यात गेलं आहे. तेव्हा डब्यावर हिरवा दिवा लागला की मला वाटायचं, अजून पुरेसं पोचत नाही. मी बटण फिरवत जायची, लाल लकाकला की समाधानाने वाचायला घ्यायची. डब्यासोबतच्या कागदावर सगळं लिहिलेलं असणार, पण ती मुंगीच्या पायाएवढी अक्षरं मी वाचली नव्हती.

"आमच्या भजनाच्या मशीनवर बी असंच राह्यते," डोळे पुसत बहीण म्हणाली. मंडळाचा आवाजाचा मिक्सर तीच सांभाळते, हे मला माहीत होतं. मी कधी त्याबद्दल विचारलं मात्र नव्हतं. "हिरवं हाय तोपर्यंत बोल. पिवळं झालं तं संभाळ. लाल झालं की फाटलं. आन् एक दोन तीन कायले म्हनते? एक दोन तीन कोन जोरात म्हनते? गोष्टीत सगळ्यात जोराचं जे हाय ते म्हन, आन् त्याच्यावर बटन लाव."

सगळ्यात जोराचं म्हणजे म्हातारी. मी म्हातारीचं वाक्य म्हटलं. बहिणीने बटण खाली आणलं. दिवा हिरवा राहिला. फाटलं नाही. महिनाभराचा घाम, नासलेलं दूध, खड्ड्यातलं मीठ, सगळं एका मिनिटात निकालात निघालं. मला आनंद व्हायला हवा होता. माझा तिळपापड झाला. कोणीही सांगावं, त्या साऊंडवाल्या भाऊंनी सांगावं, शेजारच्या पोराने सांगावं. हिने नाही.

आणि ती तेवढ्यावर थांबली नाही. हेडफोन कानाला लावून तिने माझी म्हातारी ऐकली. "आवाज तं साफ आला," ती म्हणाली. "पन ताई, हे म्हातारी बसस्टँडवर चौकशी करून राहिली काय? गाडी चालली ना तिची!"

"मग तूच म्हण," मी म्हटलं. जरा जास्तच झोंबेल असं म्हटलं. तिला झोंबलं नाही. तिला वाटलं मी खरंच बोलावते आहे. ती खुशीत माईकपुढे आली, छाती भरून श्वास घेतला आणि ते वाक्य म्हणाली.

मी ते हेडफोनवर पुन्हा ऐकलं. गाडी खरंच निघाली होती. गाठोडं खरंच खाली राहिलं होतं. आणि 'बाप्पा' या शब्दाला आई दारातून हाक मारायची तेव्हा तिचा आवाज जसा वर जायचा, तसा तो वर गेला होता. दिवा हिरव्याच्या काठापर्यंत जाऊन परत आला. मी त्याच खोलीत, त्याच माईकपुढे, तेच वाक्य चाळीस वेळा म्हटलं होतं. आता दोष द्यायला तार उरली नव्हती, जाळी उरली नव्हती, अर्थिंगही उरलं नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवले आणि चहा टाकायला उठले.

"राहू दे ना माहंच तिथं," ती मागून म्हणाली. "कोनाले समजते? आपला आवाज तं सारखाच हाय." ते खरं आहे. फोनवर आजही तिचा नवरा आम्हाला ओळखण्यात फसतो. तिला त्यात निव्वळ गंमत वाटत होती, लहानपणी एकमेकींचे फ्रॉक घालून पाहुण्यांना फसवायचो तशी. मी नको नको म्हटलं, आणि ती गेल्यावर सबंध गोष्ट नव्याने वाचली, आणि म्हातारीच्या जागी तिचंच वाक्य ठेवलं. मला ते पुस्तक हवं होतं. जिंकायला तिचीच मदत घेतली याची लाज वाटली, पण एवढी नाही की मी ते वाक्य काढून टाकावं.

आठ-दहा दिवसांनी पुण्याहून बाईंचा फोन आला. "अभिनंदन. सगळ्यांना तुमचं वाचन आवडलं. काय स्वच्छ उच्चार! पुस्तक तुम्हीच करायचं." मी उभीच होते, खुर्चीत बसले. "एकच दुरुस्ती," त्या पुढे म्हणाल्या. "ती म्हातारी गाडी थांबवते ना, तेवढ्या एका वाक्याला आवाज फाटतोय. तेवढं पुन्हा करून पाठवा. जरा सौम्य करा. ऐकणाऱ्याला दचकल्यासारखं होतं."

फोन ठेवून मी ती जागा उघडून पाहिली. एव्हाना मला एवढं कळू लागलं होतं की फाटलेल्या आवाजाची रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर वरून कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसते. इथे एकही टोक कापलेलं नव्हतं. मी पाच वेळा ऐकलं. कुठेही खरखर नव्हती. बाईंना जे फाटल्यासारखं वाटलं ते यंत्र नव्हतं. ती माझी बहीण होती. ती आई होती. ते दर्यापूर होतं.

मी बाईंना फोन करून सांगू शकले असते की आवाज फाटलेला नाही, आमच्याकडे माणूस असाच बोलतो, आणि तुम्ही काढता आहात ते पुस्तक याच बोलण्याचं आहे. तीस वर्षं मी वर्गात बोलीच्या सामर्थ्यावर व्याख्यानं दिली आहेत. ती चार वाक्यं मला झोपेतून उठवलं तरी आली असती. पण मला काय वाटलं तेच सांगायला मी हे लिहायला बसले आहे. मला बरं वाटलं. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कोणीतरी आम्हा दोघींना शेजारी शेजारी ऐकलं होतं आणि मला निवडलं होतं. हसणारी आई तिथे नव्हती. मी म्हातारीचं वाक्य माझ्या आवाजात म्हटलं, बटण आणखी थोडं खाली घेतलं आणि पाठवून दिलं. बाईंचं लगेच उत्तर आलं, "आता कसं गोड झालं."

दोन दिवसांनी बहिणीचा फोन. नवऱ्याने बातमी आधीच पोचवली होती. ती इतकी खूश झाली होती की तिला वाक्यं पुरी करता येत नव्हती. "मी सगळ्या मंडळाले सांगतलं! माही ताई पुस्तक वाचून राहिली म्हनलं! आन् ताई, माह्या वाक्याचं काय झालं? समजलं का कोनाले?"

त्या क्षणी खरं बोलायला मला काहीच अडचण नव्हती.

"तुझ्या वाक्याला आवाज फाटतो म्हणाले," मी म्हटलं. "मग मी पुन्हा केलं."

मग ती म्हणाली, "फाटते? मंग मीनं बटन बरोबर नाई लावलं का?"

"असेल," मी म्हटलं.

यात खोटा शब्द एकही नव्हता. बाई तसंच म्हणाल्या होत्या. मी मराठीची प्राध्यापक आहे. शब्द कसा ठेवायचा ते मला चांगलं कळतं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. या वेळी मुगवड्या नव्हत्या. पिशवीत एक नवी तार होती, अकोल्याच्या दुकानातून मंडळाला स्पीकर भाड्याने देणाऱ्याला सोबत नेऊन, निवडून आणलेली. "तुह्या अख्ख्या पुस्तकाचा आवाज फाटला तं?" ती म्हणाली. "माह्यामुळं एक जागा गेली, बाकीचं तरी साफ राह्यलं पायजे." तिने जुनी तार काढली, नवी लावली, बटणं तपासली, आणि स्टुलावर बसून म्हातारीचं वाक्य म्हणत राहिली. एकदा, दोनदा, सहादा. दर वेळी हिरवा. ती दर वेळी वळून मला विचारायची, "आता? आता कुठं फाटते?"

मी दारात उभी होते. सांगायचं झालं तर तेव्हाच सांगायचं होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं की अगं, काही फाटत नाही, ऊठ. पण मग बाई काय म्हणाल्या ते सांगावं लागलं असतं, मी त्यांना आधी काय म्हणाले होते तेही कधीतरी निघालं असतं, आणि हे सगळं मला का करावंसं वाटलं हेही. मी म्हटलं, "मला आता नीट सांगता येणार नाही. हेडफोनवर ऐक."

तिने हेडफोन लावले. डोळे मिटले. आपलंच वाक्य तिने पुन्हा पुन्हा ऐकलं, कपाळाला आठ्या घालून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखं. कितीतरी वेळ. मग हळूच हेडफोन काढले.

"हाव," ती म्हणाली. "आता ऐकू येते मले. 'बाप्पा'वर फाटते. तुहे कान तयार हायेत ताई, मले समजतच नवतं." आणि हेडफोनची वायर गुंडाळत, "एवढे दिवस कोनी सांगतलं बी नाई मले."

ती चारच्या गाडीने परत गेली. नवी तार माझ्याकडेच ठेवून गेली.

पुस्तकाच्या सगळ्या गोष्टी जूनअखेर वाचून झाल्या. बाई समाधानी आहेत. मधल्या दोन महिन्यांत बहिणीने मोबाईलवर एकही गोष्ट सांगितली नाही, लोक खाली विचारत राहिले, "ताई, कुठं गेल्या?" मीही ते वाचत राहिले, आधीसारखंच, बोटाने खाली खाली सरकवत. मागच्या आठवड्यात तिने एक गोष्ट टाकली. ओट्याशी नाही, बैठकीत, खुर्चीवर बसून. मागे कुकर नव्हता. साडी इस्त्रीची होती. ती जपून, हलक्या आवाजात सांगत होती, प्रत्येक शब्द तोंडातून सुटायच्या आधी तपासून घेतल्यासारखं. गोष्टीत एक बाई पोराला हाक मारते. त्या हाकेने शेजारच्या खोलीतलं पोरसुद्धा आलं नसतं. आणि एका ठिकाणी ती 'मले' म्हणायला गेली, अडखळली, आणि म्हणाली, "मला."

मी ते तीनदा ऐकलं. मग तिचा निरोप आला, "ताई, तू ऐकलं का? आता तं नाई ना फाटत?"

मी लिहिलं, "नाही. आता छान आहे."

तिने लगेच दोन जोडलेले हात पाठवले.